हलक्या धक्क्याची रायफल : नवशिक्या शिकाऱ्याच्या शस्त्राचा इतिहास (थ्रेड)

१/ नवशिक्या शिकाऱ्याच्या हाती कोणती रायफल द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता बंदुकीच्या दुकानदाराचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात पदार्थविज्ञान, युद्ध, जाहिरात, कायदा आणि प्राण्याच्या मरणाविषयीची नीती या साऱ्यांचा गुंता आहे. हरणाच्या शिकारीसाठी खांद्याला कमी धक्का देणारी रायफल कशी घडत गेली, त्याचा हा आढावा. केंद्रस्थानी अर्थातच अमेरिका आहे.

२/ आधी धक्क्याविषयी. गोळी आणि दारूचे वायू जितक्या संवेगाने पुढे जातात, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. म्हणून धक्का चार गोष्टींवर ठरतो : गोळीचे वजन, तिचा वेग, दारूचे प्रमाण आणि रायफलचे स्वतःचे वजन. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या रायफलीतून उडवले, तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. हे शेवटचे वाक्य लक्षात असू द्यावे. पुढे त्याचे काम पडेल.

३/ धक्क्याने खांदा दुखतो, पण ते दुखणे दोन दिवसांत जाते. टिकते ती भीती. दोन-चारदा जोराचा मार बसला की शरीर पुढचा मार आधीच ओळखू लागते. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आखडतो, नळी हलते. छातीत लागायची गोळी मग पोटात किंवा पायात लागते आणि जखमी हरीण रानात दूरवर जाऊन यातनेने मरते. नवशिक्याच्या दचकण्याची किंमत अशी प्राण्याला मोजावी लागते.

४/ काळ्या दारूच्या युगात यावर उपाय नव्हता. काळ्या दारूने गोळीचा वेग एका मर्यादेपुढे जात नसे, त्यामुळे अधिक मारकता हवी तर गोळीच जड करावी लागे. अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलेल्या .४५-७० काडतुसातील गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमची होती. तिचा वेग सेकंदाला साधारण ४०० मीटर.

५/ १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएई यांनी निर्धूर दारू सिद्ध केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीसह ती सैन्यात आली. त्याच प्रमाणात कितीतरी अधिक ऊर्जा देणारी ही दारू होती. आता गोळी बारीक आणि हलकी ठेवून तिला वेगाने धाडता येऊ लागले. हलक्या धक्क्याच्या शिकारी रायफलीचा इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

६/ जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी रचलेली विंचेस्टर मॉडेल १८९४ ही रायफल आणि १८९५ मध्ये तिच्यासाठी बाजारात आलेले .३०-३० काडतूस ही त्याची पहिली मोठी फलश्रुती. गोळी १६० ग्रेनची, म्हणजे .४५-७० च्या निम्म्याहूनही हलकी. वेग मात्र सुमारे दीडपट. या मॉडेलच्या पुढे ७० लाखांहून अधिक रायफली बनल्या. अमेरिकेतील कित्येक पिढ्यांनी पहिले हरीण हिच्यावरच मारले.

७/ तिच्यात एक अडचण होती. काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसत. गोळी टोकदार असती तर तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकून स्फोटाचा धोका संभवला असता. म्हणून गोळीचे नाक बोथट ठेवावे लागे आणि बोथट गोळीचा वेग हवेत लवकर मंदावे. लांबच्या नेमासाठी ही रायफल तोकडी पडे.

८/ याच सुमारास युरोपातील सैन्ये बारीक नळीकडे वळली होती. मौझरचे ७×५७ मिमी काडतूस स्पेनने स्वीकारले. १८९८ मध्ये क्युबातील सान हुआन टेकडीच्या लढाईत संख्येने थोड्या असलेल्या स्पॅनिश सैनिकांनी त्याच रायफलींनी अमेरिकी सैन्याची मोठी हानी केली. स्वीडन आणि नॉर्वे यांचे ६.५×५५ मिमी काडतूस १८९४ चे. त्याची लांब, सडपातळ गोळी खोल शिरते, पण धक्का सौम्य देते. स्कँडिनेव्हियात मूससारख्या अजस्र प्राण्याच्या शिकारीसाठी ते आजही वापरले जाते.

९/ या कथेला भारताचाही एक धागा आहे. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी जिम कॉर्बेट यांना .२७५ रिग्बी रायफल भेट दिली. .२७५ रिग्बी म्हणजे मौझरच्या ७×५७ चेच ब्रिटिश नाव. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या कॉर्बेट यांनी याच रायफलीने टिपला. धक्का मोठा असेल तरच रायफल समर्थ, या समजुतीला हे एक ठळक उत्तर आहे.

१०/ अमेरिकेत पुढचे पाऊल सॅव्हेज कंपनीने टाकले. तिच्या मॉडेल ९९ मध्ये काडतुसे फिरत्या कोठीत बसत, त्यामुळे टोकदार गोळी निर्धोकपणे वापरता येई. १९१५ मध्ये तिच्यासाठी चार्ल्स न्यूटन यांनी .२५० सॅव्हेज काडतूस रचले. न्यूटन यांना १०० ग्रेनची गोळी हवी होती. कंपनीला मात्र जाहिरातीत ‘सेकंदाला ३००० फूट’ हा आकडा हवा होता, म्हणून गोळी ८७ ग्रेनवर आणली गेली आणि काडतुसाचे नावच ‘.२५०-३०००’ पडले. कालांतराने हरणाच्या शिकाऱ्यांनी १०० ग्रेनच्या गोळीलाच पसंती दिली.

११/ १९३४ मध्ये रेमिंग्टनने .२५७ रॉबर्ट्‌स बाजारात आणले. हे काडतूस म्हणजे मौझर ७×५७ चीच पुंगळी, फक्त तोंडाशी आवळलेली. सैन्याची पुंगळी घ्यायची, तिची मान बारीक करायची आणि हलकी गोळी बसवायची, ही युक्ती पुढे वारंवार दिसते.

१२/ आता थोडे समाजाकडे पाहू. बेबंद, बाजारी शिकारीमुळे १९०० च्या सुमारास अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या काही लाखांवर आली होती. १९०० चा लेसी कायदा आणि राज्यांचे निर्बंध यांनी ऱ्हासाला आळा घातला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव-संवर्धनाकडे वळवला. १९४९ मध्ये न्यू यॉर्क राज्याने शिकारीचे सुरक्षा-प्रशिक्षण सक्तीचे केले. हरणे वाढली, शिकारी वाढले आणि ‘नवशिका’ ही स्वतंत्र दखल घेण्याजोगी व्यक्ती ठरली.

१३/ १९५५ हे निर्णायक वर्ष. त्या एकाच वर्षी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी जवळपास सारखीच काडतुसे आणली : विंचेस्टरचे .२४३ आणि रेमिंग्टनचे .२४४. दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच, धक्का जवळपास तितकाच सौम्य. तरीही .२४३ जगभर गेले आणि .२४४ मागे पडले. कारण नळीच्या आतल्या पिळात होते.

१४/ नळीतील पिळदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि स्थिर राहते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. विंचेस्टरने १० इंचांत एक वेढा दिला. १०० ग्रेनची गोळी त्यात स्थिर राही. रेमिंग्टनने १२ इंचांत एक वेढा दिला, कारण त्यांच्या नजरेसमोर लहान उपद्रवी प्राणी आणि ७५ ते ९० ग्रेनच्या गोळ्या होत्या. ग्राहकाला मात्र हरणासाठीही तीच रायफल हवी होती. १९६३ मध्ये रेमिंग्टनने पीळ घट्ट करून तेच काडतूस ‘६ मिमी रेमिंग्टन’ या नावाने पुन्हा आणले, पण बाजार तोवर हातचा गेला होता.

१५/ या प्रसंगाचा बोध महत्त्वाचा आहे. धक्का कमी करण्याच्या नादात गोळी इतकीही हलकी होऊ नये की ती हरणाच्या हृदय-फुप्फुसांपर्यंत नीट पोहोचणार नाही. कायद्यानेही हे ओळखले. इंग्लंड आणि वेल्ससाठीच्या १९६३ च्या हरीण कायद्याने रायफलीला .२४० इंच व्यास आणि १७०० फूट-पौंड ऊर्जेची किमान अट घातली. .२४३ ही अट जेमतेम ओलांडते. ब्रिटनमधील तिच्या लोकप्रियतेचे एक कारण हेच.

१६/ आकड्यांत बोलायचे तर, साधारण साडेतीन किलोच्या रायफलीतून १०० ग्रेनची .२४३ उडवल्यास खांद्यावर येणारी ऊर्जा ही १८० ग्रेनच्या .३०-०६ च्या निम्म्याहूनही कमी भरते. या दोन टोकांच्या मधली जागा पुढे १९८० च्या ७ मिमी-०८ रेमिंग्टनने आणि २००७ च्या ६.५ क्रीडमूरने भरून काढली. क्रीडमूरचा जन्म नेमबाजीच्या स्पर्धांसाठी झाला. शिकाऱ्यांनी ते नंतर आपलेसे केले.

१७/ आता दुसऱ्या मुद्द्यातील ते वाक्य आठवावे. ‘मुलांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक रायफली आखूड आणि हलक्या असतात. उचलायला त्या सोप्या, पण तेच काडतूस त्यांतून अधिक जोराने लागते. दस्त्याची लांबी मुलाच्या हाताच्या मापाची असावी, हे योग्यच. परंतु वजन फार घटवले तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते.

१८/ शंभर वर्षांच्या या अनुभवाचे सार असे : सराव आधी .२२ वर करावा, कारण तिला धक्का नाहीच म्हटले तरी चालेल. मग .२४३, ७ मिमी-०८ किंवा ६.५ क्रीडमूर यांपैकी एक घ्यावी. गोळी हरणासाठी बनवलेली असावी, रायफल अंगाला बसणारी पण फार हलकी नसावी, दस्त्याच्या टोकाला रबरी गादी आणि कानांवर संरक्षण असावे. आवाजही दचकवतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

१९/ भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न व्यवहारात उरलेला नाही, आणि ते इष्टच झाले. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो बरेच शिकवतो. आपल्याकडील शिकारीच्या जुन्या छायाचित्रांत मेलेला वाघ, पाय रोवून उभा संस्थानिक आणि जाडजूड दुनळी बंदूक असे तिन्ही एकत्र दिसतात. त्या चित्रात शस्त्राचा आकार पराक्रमाचे माप ठरतो. हलक्या रायफलीने हे माप बदलले : खांद्याने किती सोसले याला किंमत उरली नाही, गोळी कोठे लागली आणि प्राणी किती लवकर सुटला, एवढेच पाहिले जाऊ लागले. (समाप्त)