मेणबत्ती आणि केबलचा ट्रे

मुलांना घेऊन आपण एखादा साखर कारखाना किंवा औष्णिक वीजकेंद्र पाहायला जातो, तेव्हा साऱ्यांच्या नजरा फिरणाऱ्या यंत्रांवर असतात. त्यांना जरा वर पाहायला सांगावे. छताखालून, आडव्या टाकलेल्या शिडीसारखे धातूचे मार्ग गेलेले दिसतात आणि त्यांवर केबल्स शेजारीशेजारी पसरलेल्या असतात. हा केबल ट्रे. केबल नळीतून ओढून न्यायची, तर फार कष्ट पडतात. ट्रेवर ती नुसती ठेवता येते, तिला वारा लागतो आणि तिची उष्णता निघून जाते.

या केबल्स एकसारख्या नसतात. मोटारींना वीज पुरवणाऱ्या जाड पॉवर केबल्स वेगळ्या. यंत्र चालू-बंद करण्याचा हुकूम पोचवणाऱ्या, पुष्कळ तारांच्या कंट्रोल केबल्स वेगळ्या. तापमान, दाब यांचे क्षीण संकेत आणणाऱ्या इन्स्ट्रुमेंटेशन केबल्समध्ये तारांच्या जोड्या पिळलेल्या असतात व भोवती धातूचा पातळ पापुद्रा असतो, म्हणजे शेजारच्या पॉवर केबलचा उपद्रव होत नाही. आपल्याकडे पोलादी तारांचे चिलखत असलेल्या केबल्स बऱ्याच वापरतात. अमेरिकेत ‘ट्रे केबल’ म्हणून ओळखली जाणारी जात मात्र सहसा बिनचिलखती असते. तिची मदार प्लास्टिकच्या आवरणावर.

हे आवरण पेट घेते का, हे पाहण्याची जुनी रीत सोपी होती. एकच वायर उभी टांगायची, तिला ज्योत लावायची आणि ज्योत काढल्यावर वायर विझते का ते पाहायचे. विझली की पास! पण चुलीत एकटे लाकूड विझते आणि तीन जुळवली की एकमेकांच्या धगीने पेटत राहतात, हे चूल पेटवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. ट्रेवर तर केबल्सची मोळीच असते.

२२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात हेच घडले. केबल्स जिथे भिंतीतून पलीकडे जातात, तिथल्या फटी फोमने बुजवणे चालू होते. अणुभट्टीच्या इमारतीत हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवतात. त्यामुळे फट राहिली तर हवा आत ओढली जाते. ती शोधायला कामगार चक्क पेटती मेणबत्ती वापरत! ज्योत फटीत ओढली गेली, फोम पेटला आणि आग ट्रेवरून पलीकडच्या इमारतीत पसरली. नियंत्रण कक्षातले दिवे आपोआप लागू-विझू लागले. विजेच्या आगीवर पाणी नको, म्हणून कित्येक तास पाणी वापरले नाही; अखेर पाण्यानेच ती विझली. सुमारे सात तासांत १६०० हून अधिक केबल्स खराब झाल्या, त्यांत सुरक्षिततेशी निगडित ६२८. पहिल्या अणुभट्टीची आणीबाणीची शीतनव्यवस्था निकामी झाली. ऑपरेटरांनी दुसऱ्या पंपांनी पाणी पोचवले, म्हणून निभावले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. राखीव यंत्रणेच्या केबल्स मूळ यंत्रणेच्या जवळूनच नेल्या होत्या, हे आम्हाला मेणबत्तीपेक्षाही गंभीर वाटते.

मोळीची कसोटी अमेरिकेत १९७४ सालीच लिहिली गेली होती. आठ फूट उभ्या ट्रेवर केबल्स बांधायच्या, खालून वीस मिनिटे मोठा बर्नर लावायचा; आग टोकापर्यंत गेली की केबल नापास. दुर्घटनेनंतर या कसोटीकडे साऱ्यांचे लक्ष गेले. १९८० साली अमेरिकेने अणुकेंद्रांसाठी आगीचे स्वतंत्र नियम केले. मूळ आणि राखीव केबल्समध्ये पुरेसे अंतर किंवा आग अडवणारी भिंत ठेवणे त्यांत आले.

३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि आग केबल्सच्या वाटेने पसरली. मुख्य आणि राखीव वीज दोन्ही गेल्या. पहिल्या अणुभट्टीच्या भागात सुमारे १७ तास वीज नव्हती. आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलचे पंप लावून अणुभट्टी थंड ठेवावी लागली. नरोऱ्यालाही किरणोत्सार झाला नाही. तिथेही मूळ आणि राखीव केबल्स पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या.