उंचीची कमान आणि उचललेला हौदा

ओझे रिकामे करण्याची जुनी रीत सोपी होती. बैल सोडावेत, गाडीची धुरी वर करावी आणि गाडी मागे उलाळली की माती, खत, मुरूम आपोआप खाली यावे. या रीतीत एक मोठी सुरक्षितता होती आणि ती कोणी मुद्दाम योजलेली नव्हती. धुरी वर असताना गाडी चालणेच शक्य नव्हते. बैल जुंपावयाचे तर धुरी आधी खाली येणे भाग होते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत गारफील्ड वुड याने ट्रकचा हौदा तेलाच्या दाबाने उचलणारी यंत्रणा प्रचारात आणली. चालकाने बसल्या जागेवरून दांडा ओढावा आणि काही टन खडी क्षणभरात खाली ओतली जावी, हा श्रमांचा केवढा तरी परिहार होता. परंतु त्याचबरोबर बैलगाडीतील तो नैसर्गिक निर्बंध नाहीसा झाला. आता हौदा वर असतानाही वाहन चालू शकत होते.

नेमक्या याच काळात रस्त्यांवरचे आकाशही मोकळे राहिले नव्हते. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विजेची गाडी धावली. तिच्या तारेत 1500 व्होल्टचा दाब होता. 1957 मध्ये भारतीय रेल्वेने 25,000 व्होल्टची पद्धत स्वीकारली आणि 1959 च्या डिसेंबरात राजखरसावां ते केंदपोसी या मार्गावर ती प्रथम अमलात आली. पुढे हे जाळे देशभर पसरले आणि जेथे जेथे रस्ता रुळांना छेदून जातो, तेथे तेथे ही तार वाहनांच्या डोक्यावर आली. इतक्या दाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्शही व्हावा लागत नाही. पोलाद पुरेसे जवळ आले की वीज मधली हवा ओलांडते.

या धोक्याला आवर घालण्याच्या प्रयत्नांत लखनौचे नाव येते. तेथे 1952 मध्ये रेल्वेचे चाचणी व संशोधन केंद्र स्थापन झाले. 1957 मध्ये ते आणि 1930 पासूनचे केंद्रीय मानक कार्यालय एकत्र करून ‘संशोधन, अभिकल्प व मानक संघटना’ निर्माण करण्यात आली. लखनौच्या मानकनगरात वसलेल्या या संस्थेने इंजिने, डबे आणि पूल यांच्याबरोबरच एका साध्या वस्तूचाही आराखडा सिद्ध केला आहे. ती वस्तू म्हणजे फाटकाच्या दोन्ही बाजूंस रस्त्यावर उभी असणारी उंचीची कमान.

कमानीचा हिशेब सरळ आहे. फाटकावर तार किमान 5.50 मीटर उंच असते, आणि कमानीची आडवी तुळई 4.67 मीटरवर. मालमोटारीची कमाल उंची पूर्वी 3.8 मीटर होती. 2020 मध्ये ती 4 मीटर करण्यात आली. गवताने वा उसाने बेसुमार भरलेली गाडी तारेपर्यंत पोहोचण्याआधीच तुळईला अडते. चालक अक्षरशत्रू असो वा झोपाळलेला असो, कमान आपले काम करते.

परंतु ही कमान भार मोजते, हौद्याची हालचाल नव्हे. मोठ्या डंपरचा हौदा पूर्ण उचलला की तो 6 मीटरांच्याही वर जातो. तो वर असतानाच वाहन वेगाने आले, तर कमानच कोसळते. आणि कमान ओलांडल्यावर तो वर गेला, तर तिचा काहीच उपयोग नाही. शिवाय शहरातील वीजतारा, पादचारी पूल आणि दिशाफलकांच्या चौकटी यांच्यापुढे तर बहुधा कमानही नसते.

चालत्या गाडीत हौदा वर राहतो तरी कसा? तळाशी चिकटलेला माल झटकावा म्हणून चालक हौदा वर ठेवूनच चार हात पुढे जातो आणि तसाच रस्त्याला लागतो. काही वेळा इंजिनाची शक्ती पंपाला देणारी जोडणी सोडवावयाची राहते. मग दांड्याला धक्का लागला की रिकामा, हलका हौदा हळूहळू वर चढू लागतो. तो चालकाच्या पाठीमागे असतो. त्याला दिसत नाही. कॅनडातील बर्लिंग्टन स्कायवे या पुलाच्या पोलादी सांगाड्यावर 31 जुलै 2014 रोजी असाच एक उंचावलेला हौदा आदळला आणि टोरांटोकडे जाणारी वाहतूक काही दिवस बंद पडली.

अशा वेळी ‘चालकाने लक्ष ठेवावे’ असे म्हणणे सोपे असते. रेल्वेच्या इतिहासाने मात्र निराळा धडा दिला आहे. 1856 मध्ये इंग्लंडात जॉन सॅक्सबी याने सांधे आणि सिग्नल यांची अशी सांगड घातली की, परस्परविरोधी इशारे देणेच अशक्य व्हावे. माणसाच्या स्मरणशक्तीवरचा भार त्याने यंत्रावर टाकला. डंपरलाही हेच तत्त्व लागू आहे. हौदा बैठकीवरून सुटताच चालकापुढे लाल दिवा लागावा, भोंगा वाजावा; पंपाची जोडणी चालू असता वाहनाला वेगच घेता येऊ नये. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 1 जून 2024 पासून अशा वाहनांत चालकाला सावध करणारे साधन सक्तीचे केले आहे.

यंत्र येईपर्यंत, आणि आल्यावरही, काही नियम पाळावेच लागतील. माल ओतल्यावर जोडणी सोडवावी, खाली उतरून हौदा बसला की नाही हे डोळ्यांनी पाहावे, मगच निघावे. आणि दुर्दैवाने हौदा तारेला लागलाच, तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत चालकाने आत बसून राहावे. आग लागून उतरणे अटळ झाले, तर एकाच वेळी गाडीला आणि जमिनीला स्पर्श होऊ न देता, दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी घ्यावी. मदतीला धावणाऱ्यांनी तर दूरच थांबावे. एकाचा जीव वाचविण्याच्या घाईत दुसऱ्याचा जाऊ नये.