पळीभर आसव

दिवाळी अंकात फराळाच्या ताटाशेजारी मद्याचा विषय मांडणाऱ्या मास्तराकडे वाचक संशयाने पाहणार, हे मी धरून चाललो आहे. त्या संशयाचे उत्तर प्रत्येकाच्या घरातच आहे. औषधाच्या फळीवर जरा मागे हात घालावा. दशमूलारिष्टाची नाहीतर द्राक्षासवाची एखादी तपकिरी बाटली हाती लागेल. चातुर्मासात कांदालसूण वर्ज्य करणाऱ्या आजीबाई हेच द्राक्षासव जेवणानंतर समभाग पाण्यातून निःशंक मनाने घेतात. घरात बाळंतीण असली, की दशमूलारिष्टाची बाटली आधी येते आणि बारशाचा पाळणा मागाहून. त्या बाटलीच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की आत आपोआप निर्माण झालेला मद्यार्क आहे, बहुधा १२ टक्क्यांच्या आत. बारा टक्के म्हणजे परदेशी द्राक्षमद्याच्या जवळपास! तरीही त्या आजीबाईंना कोणी मद्यपी म्हणत नाही आणि म्हणूही नये. कारण त्या चमच्याने मोजून घेतात. वाचकहो, हा चमचा लक्षात ठेवा. पुढचा सारा इतिहास त्याचाच आहे.

आपल्या आसवारिष्टांचे एक युरोपी भावंड आहे. त्याचे नाव लिक्युअर. इंग्रजीत कोणत्याही कडक दारूला 'लिकर' म्हणतात, त्याच्याशी याची गल्लत करू नये. भट्टीतून उतरलेल्या मद्यार्कात मुळ्या, साली, फुले, फळे आणि मसाले मुरवायचे आणि वर साखर घालायची, की लिक्युअर झाले. युरोपात त्याला कायद्याची व्याख्या आहे. मद्यार्क किमान १५ टक्के आणि साखर साधारणपणे लिटरमागे किमान १०० ग्रॅम असल्याखेरीज बाटलीवर ते नाव लावता येत नाही. जेवण आटोपल्यावर, बोटभर उंचीच्या पेल्यात, गप्पा मारता मारता घोट घोट घ्यायची ही वस्तू आहे. मी स्वतः दशमूलारिष्टापलीकडे गेलेलो नाही. पण इतिहास लिहिणाऱ्याने विषयाची चव घेतलीच पाहिजे असा नियम लावला, तर पानिपतावर कोणी लिहावे?

आपल्याकडील कुळी फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांची मोजदाद आली आहे. धान्य, फळे, मुळे, झाडाचा गाभा, फुले, कांडे, पाने, साली आणि साखर अशा नऊ उगमांपासून होणारी एकूण ८४ आसवे तेथे सांगितली आहेत. एकट्या फळांची २६ आणि फुलांची १०. त्या दहा फुलांत कमळांच्या जातींबरोबर आपला मोह आहे आणि धायटीही आहे. धायटीची लाल फुले आजही वैद्य आसवाच्या मडक्यात टाकतात, कारण आंबवण्याच्या कामी त्यांची मदत होते. मडके बंद करून ठेवायचे आणि गुळाला, मधाला आपले काम करू द्यायचे. विस्तव नको, नळी नको.

वैद्याच्या मागोमाग राजा आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात चक्क पाककृती आहेत. आसव करायचे तर कवठ एक तुला, काकवी पाच तुला आणि मध एक प्रस्थ. कवठ आणि काकवी! आमच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही आजीला ही जोडी परकी वाटणार नाही. महाशिवरात्रीला कवठाची चटणी ती गूळ घालूनच करते. मैरेय नावाच्या दुसऱ्या पेयात मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ आणि वरून पिंपळी, मिरी किंवा त्रिफळा. गोडी आहे, मसाला आहे, औषध आहे. भट्टीचा अर्क तेवढा नाही. एरवी लिक्युअरची सारी लक्षणे येथे भरली आहेत.

त्याच प्रकरणातल्या दोन नियमांनी मला फार विचारात पाडले. कुटुंबवत्सल माणसाने घरच्या कार्यप्रसंगी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरीच करण्यास हरकत नाही, असे कौटिल्य म्हणतो. उत्सव, मेळे आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची मोकळीकही तो देतो. बाकीच्या दिवशी मात्र सुराध्यक्षाचा पहारा आणि खजिन्याचा कर. कर घेणारा कठोर शासनकर्ताही घरच्या मडक्याला आणि गावच्या जत्रेला जागा ठेवतो, हे विसरण्याजोगे नाही.

आमच्या ढोकीच्या शेजारी तेर आहे. तेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची जी माहितीवही लिहिली, तिच्यात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे सांगितले आहे. तगराचे कापड गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदराला जाई. त्याच भडोचला परदेशातून मद्य उतरत असे. इटलीचे मद्य पहिल्या पसंतीचे, त्याखेरीज लाओदिकिया आणि अरबस्तान येथले, असे तो नोंदवतो. आमच्या भागातल्या कोष्ट्याचे कापड आणि रोमच्या मळ्यातले मद्य एकाच धक्क्यावर शेजारी शेजारी पडत होते, हे चित्र मुलांना शिकवताना मला मोठे गंमतीचे वाटते.

यानंतरचा मोठा फेर भट्टीने घडवला. अरब रसायनज्ञांनी ऊर्ध्वपातनाची विद्या वाढवली. वाफ वर चढवायची, ती थंड करायची आणि घाम टिपावा तसा थेंब थेंब गोळा करायचा. 'अर्क' हा आपला रोजचा शब्द अरबीतूनच आला. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आइन-इ-अकबरीत उसाच्या दारूची कृती आहे. ऊस बाभळीच्या सालीबरोबर कुटावा, पाणी घालून मडक्यात आंबवावा, मग भट्टीला लावावा. बाभळी आणि ऊस म्हणजे आमच्या गावाचे बांध आणि शेते. ढोकीची ओळखच मुळी तेरणा सहकारी साखर कारखान्याने झालेली. तेव्हा उसाच्या रसाला उकळीनंतर किती वाटा फुटतात, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही.

युरोपात ही भट्टी प्रथम वैद्यांच्या आणि संन्याशांच्या हाती पडली. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिकडच्या वैद्यांनी या अर्काला 'जीवनजल' असे नाव दिले. अर्क कडू आणि जहाल. रोग्याच्या गळी उतरावा म्हणून त्यात साखर आणि मसाला आला. वनस्पतीचा गुण पाण्यापेक्षा मद्यार्कात चांगला उतरतो आणि तो नासत नाही, हेही ध्यानी आले. आल्प्स पर्वतातल्या कार्थुजियन संन्याशांचे 'शार्त्रूझ' याच वाटेने जन्मले. १६०५ साली त्यांच्या पॅरिसच्या मठाला एका अर्काची हस्तलिखित कृती मिळाली. १७३७ साली डोंगरातल्या मुख्य मठात तिचे औषध सिद्ध झाले. तीत १३० वनस्पती पडतात आणि संपूर्ण कृती एका वेळी दोनतीन संन्याशांनाच ठाऊक असते. पुढे व्यापारी शिरले. १८६३ साली अलेक्झांद्र ल ग्रां नावाच्या मद्यविक्रेत्याने 'बेनेडिक्टाइन' काढले आणि त्याला सोळाव्या शतकातल्या एका संन्याशाच्या कृतीची कथा जोडली. अंगाऱ्याची पुडी देवळाच्या नावाने जास्त खपते, हे काय आपल्याला ठाऊक नाही?

पण या पेल्यांतून दरवळणारा सुगंध कोणाचा? वेलदोडा, दालचिनी, जायफळ, जायपत्री. हा माल पूर्वेच्या मळ्यांतून जहाजांनी पश्चिमेला गेला. त्यांनी तो जेवणानंतरच्या पेल्यात घातला, आपण जेवणानंतरच्या विड्यात घातला. हेतू एकच, पचन आणि प्रसन्नता. बडीशेपेच्या वासाची लिक्युअरे भूमध्य समुद्राकाठी आवडीने पितात. आपण बडीशेपेची वाटी पुढे करतो आणि पाहुण्यांना निरोप देतो.

मग मराठी मुलखात लिक्युअर झालेच नाही काय? झाले, आणि अजून आहे. मुंबई, ठाणे आणि वसई भागातल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने १८८७ साली 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. त्यांच्या लग्नघरी 'खिमाड' करतात. गावठी दारूत पाणी, साखर, आले, गवती चहा, दालचिनी, लवंग असा मसाला उकळून ते गरम गरम, लहान पेल्यांतून फिरवतात. गोव्यात काजूच्या फेणीत दुकशिरीची, म्हणजे अनंतमुळाची, मुळे मुरवतात आणि ती घरगुती औषध म्हणून जपतात. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले, भट्टी गोव्याची, मूळ आपल्या रानचे. तीन खंडांची सोयरीक एका बाटलीत! काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. राजस्थानात तर सरकारी गंगानगर साखर कारखान्यानेच जुन्या संस्थानी कृतींवरून 'केसर कस्तुरी'सारखी मद्ये बाजारात आणली.

अशी उदाहरणे मोजकीच का, याचे उत्तर आबकारीच्या दप्तरात आहे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ताडीचा आणि भट्टीचा व्यवहार सरकारच्या मुठीत आणला. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधन आले. झाडाखाली पडलेले फूल वेचणे हा गुन्हा ठरला. घरचे मडके फुटले आणि ठेकेदाराचे दुकान उघडले. ठेकेदाराला धायटी, पिंपळी आणि वेलदोड्यांशी काय कर्तव्य? त्याला लिलावाची रक्कम भरून काढायची असते. मसाला गेला, मुरवण्याचे महिने गेले, लहान पेला गेला. जहालपणा तेवढा उरला.

आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेथे शिंदीचे गुत्ते लिलावाने जात आणि आबकारी हे सरकारी उत्पन्नाचे एक मोठे खाते होते. म्हणून १९४७ साली हैदराबादचा मुक्तिलढा पेटला, तेव्हा सत्याग्रही कुऱ्हाडी घेऊन शिंदीची झाडे तोडू लागले. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आमच्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले. झाडावर कोणाचा राग नव्हता. ज्या तिजोरीतून जुलमाचा पगार निघत होता, तिची एक नळी त्या झाडाला जोडलेली होती. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपली.

इकडे मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि त्याच्या कचाट्यात औषधी मद्यार्कही सापडले. एफ. एन. बलसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली निकाल दिला. दारूबंदी कायम राहिली, पण मद्यार्क असलेल्या औषधांवर आणि प्रसाधनांवर घातलेली बंदी अवैध ठरली. दारू आणि औषध या एकाच भट्टीच्या दोन लेकी असल्या, तरी त्यांना एकाच खुंटीला टांगता येत नाही, हे कौटिल्याने ओळखलेले सत्य न्यायासनापुढे पुन्हा सिद्ध झाले.

एवढे लिहून मी पुन्हा मास्तर होतो. माझ्या वर्गात दरवर्षी दोनचार पोरे अशी असतात, की पगाराच्या किंवा बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ती डबा आणत नाहीत. कारण विचारावे लागत नाही. लिक्युअरचे कौतुक लिहिताना ती पोरे माझ्या डोळ्यांसमोरून हललेली नाहीत. त्यांच्या बापांनी आसवाऐवजी लिक्युअर प्यावे असा शहाजोग सल्ला मी देणार नाही. पण त्या बापांच्या हातात जे पडते, ते एका लांबलचक घसरणीच्या शेवटचे आहे, एवढे इतिहासाने मला दाखवले. वैद्याच्या हातात ते मात्रा होते, आजीच्या हातात पळीभर होते, जत्रेत चार दिवसांचे होते. ज्या दिवशी ते केवळ विक्रीचे झाले, त्या दिवशी त्याचे माप हरवले.

माप राखणारे जगात अजून आहेत. शार्त्रूझला अलीकडे जगभरातून इतकी मागणी आली, की कोणत्याही व्यापाऱ्याने भट्ट्या दुप्पट केल्या असत्या. संन्याशांनी मात्र उत्पादन वाढवायचे नाही असे ठरवले आणि २०२३ साली तसे जाहीरही केले. आपले जीवन प्रार्थनेसाठी आणि एकांतासाठी आहे, बाटल्या भरण्यासाठी नाही, असा त्यांचा हिशेब. गिऱ्हाईक दाराशी उभे असताना 'पुरे' म्हणणे याहून मोठी मद्यविद्या मला कोठे आढळली नाही.

तेव्हा दिवाळीच्या फराळाने पोट जड झाले आणि आजीबाईंनी द्राक्षासवाची बाटली काढली, तर मुलांना जवळ बोलवा आणि तिच्यावरची घटकद्रव्यांची यादी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. द्राक्षे, धायटी, दालचिनी, वेलदोडा, पिंपळी, नागकेशर. चरकाचा अध्याय त्यांच्या तोंडी आपोआप बसेल. आणि आजीबाई बाटली तिरपी करून चमचा कसा काठोकाठ, पण एक थेंबही न सांडता भरतात, तेही त्यांना नीट पाहू द्या.