तळटीप : रक्तातला ‘हर-टू’चा आकडा

* लेखिकेने इथे रक्ततपासणीतला जो आकडा दिला आहे, त्यावरून गाठ ‘हर-टू पॉझिटिव्ह’ होती असे वाचकांनी धरून चालू नये. हर-टू हे पेशीच्या आवरणात रोवलेले ग्राही प्रथिन. वाढीचा संदेश ते पेशीच्या आत पोचवते. स्तनाच्या काही कर्करोगांत ते बेसुमार वाढते. त्याचा बाहेरचा भाग तुटून रक्तात उतरतो आणि एलायझा चाचणी मोजते ती फक्त हा तुकडा. एंग्वाल आणि पर्लमन यांनी १९७१ साली स्टॉकहोममध्ये मांडलेली ही पद्धत. ९६ खळग्यांच्या प्लॅस्टिक प्लेटमध्ये तळाशी चिकटवलेले प्रतिपिंड तो तुकडा धरते. विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्याच तुकड्याच्या वेगळ्या जागी बसते. मधल्या धुण्यात हयगय झाली, की सुटी प्रतिपिंडे मागे राहून आकडा फुगतो. मग रंगद्रव्य घातल्यावर खळगा निळा होतो, आम्ल टाकताच पिवळा. हा पिवळेपणा ४५० नॅनोमीटरवर मोजून ज्ञात प्रमाणांच्या आलेखाशी ताडतात. मिलिलिटरला १५ नॅनोग्रॅम ही प्रचलित मर्यादा.

ट्रास्टुझुमॅब हे औषध स्वतःच एक प्रतिपिंड आहे आणि तेही याच तुकड्याला चिकटते. चाचणीतल्या प्रतिपिंडाला नेमकी तीच जागा हवी असेल, तर आकडा खोटा कमी येतो. रक्त औषधाआधी घेतले की नंतर, हे मूळ मजकुरात नाही. ते असायला हवे होते. उपचाराचा निर्णय मात्र गाठीच्या तुकड्याच्या तपासणीवरच होतो. तिथे रंगछटेला ० ते ३+ अशी श्रेणी देतात आणि २+ आल्यास जनुकाच्या प्रती मोजतात.