लोखंड इथलं, बोल्ट कुठला?

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात एक लायब्ररी सापडली नाही, तर अख्खा प्रोग्राम अडतो. नटबोल्टाचंही तसंच आहे. बोल्ट बनतो तारेपासून किंवा सळईपासून, तार पोलादापासून, आणि पोलादाला खनिजाबरोबर चांगला कोळसाही लागतो. एक कडी तुटली की पुढचं सगळं थांबतं. आमच्या भागात हा अनुभव घेतला टाटा कुटुंबाने.

तेव्हा अहेरी ही चांदा जिल्ह्यातली जमीनदारी होती. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली होती. १८८२ मध्ये त्यांनी फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूवैज्ञानिकाचा अहवाल वाचला: चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे. कोळशाची खाण वरोऱ्याला होतीच. पण जर्मनीत तपासल्यावर तो कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही. सरकारी नियमही जाचक होते. बेत बारगळला.

१८९९ मध्ये नियम सैल झाले. जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकन भूवैज्ञानिक वेल्ड यांनी चांद्याचं जंगल पालथं घातलं. खनिज चांगलं होतं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतकं सापडलं नाही. मग नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींना एक नकाशा दिसला. त्यात दुर्ग जिल्ह्यातलं लोखंड दाखवलं होतं. शोध पूर्वेकडे वळला आणि मयूरभंजमार्गे साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला थांबला. जमशेटजी १९०४ मध्येच वारले. कंपनी नोंदली गेली २६ ऑगस्ट १९०७ रोजी, पहिलं पोलाद निघालं १९१२ मध्ये. मग त्याच गावात तारेचे आणि पत्र्याचे कारखाने उभे राहिले.

योगायोग बघा, गडचिरोली जिल्हा झाला तोही २६ ऑगस्टलाच, १९८२ साली.

आज शेजारच्या एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचं खनिज ट्रकांत भरून आलापल्लीवरून जातं. कोनसरीला लोखंडाचा प्रकल्पही आला आहे. म्हणजे जंगलाने आणि रस्त्यांनी द्यायची ती किंमत आपण देतोच आहोत. मग हिशेब फक्त किती टन खनिज गेलं याचा का ठेवायचा? त्या लोखंडाची तार इथे ओढली जाईल का, त्या तारेचा बोल्ट अहेरीच्या एखाद्या घरातली पोरं बनवतील का, हे विचारायला हवं. लोखंड सापडल्याने गाव श्रीमंत होत नाही. त्यापुढच्या कड्या गावात जुळल्या तरच होतं.