उघड्या दारातली प्रार्थना



संक्रांत ते रथसप्तमी हे हळदी-कुंकवाचे दिवस. आपल्या बचत गटांत हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्या बाया आहेत. या दिवसांत ख्रिस्ती बाईपुढे दरवर्षी तोच प्रश्न येतो. वाण घ्यायचं का? शेजारणीनं प्रसाद पुढे केला तर काय म्हणायचं? जत्रेची वर्गणी द्यायची का? नाही म्हणावं तर शेजार दुखावतो, हो म्हणावं तर मन खातं. मग काहीजणी निमित्त काढून त्या दिवशी माहेरी जातात. निमित्ताने दिवस निभावतो, पण पुढच्या वर्षी प्रश्न दारात हजर असतो.

असाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात पंडिता रमाबाईंपुढे आला होता. त्यांनी तो कसा सोडवला, ते आज सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी घरात बायकोला आणि मुलीलाही संस्कृत शिकवलं. १८७० नंतरच्या दुष्काळात आई-वडील गेले. रमाबाई भावाबरोबर पायी हिंडत कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि दोन वर्षांच्या आत पती पटकीने वारले. १८८३ साली त्या शिकायला इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज या गावी मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता लोकांना वाटतं, बाई ख्रिस्ती झाली म्हणजे साहेबांच्या चालीने चालू लागली. रमाबाईंचं उलटं होतं. इंग्लंडच्या थंडीतही त्यांनी शाकाहार सोडला नाही. तिथल्या सिस्टरांना वाटे, हा जुन्या जातीचा अभिमान शिल्लक आहे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तर रमाबाईंनी विचारलं की संस्कृत का नकोत? लॅटिन ना त्यांची भाषा, ना त्यांच्या देशातल्या बायकांची. पुढे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनीच हरकत घेतली. पुरुषांना शिकवलं तर तुमच्या देशातले लोक नावं ठेवतील, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे लोकांच्या भीतीने वाकायचा सल्ला चर्चकडूनही आला होता! रमाबाईंना तो पटला नाही. देवाची आज्ञा कोणती आणि माणसांची सवय कोणती, हे त्या स्वतः तपासून पाहत. मग ती सवय आपल्यांची असो की गोऱ्या लोकांची.

या स्वभावाची खरी कसोटी पुढे लागली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू केलं. उच्चवर्णीय विधवा मुलींसाठी ती शाळा आणि वसतिगृह होतं. पैसा अमेरिकेतल्या मंडळींनी उभा केला होता. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर होते. शब्द असा दिला होता की शाळेत धर्म शिकवला जाणार नाही, प्रत्येकीने आपापला धर्म पाळावा. तो शब्द पाळलाही. मुलींचं सोवळं-ओवळं, स्वयंपाक, त्यांची पूजा यांत रमाबाईंनी हात घातला नाही. पहिल्या विद्यार्थिनींमधल्या गोदूबाई सदनात शिकल्या, हिंदूच राहिल्या आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्याच आपल्या आनंदीबाई कर्वे.

१८९० साली सदन पुण्याला आलं. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर बायबल वाचत, प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. पुण्यात बोभाटा झाला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. प्रार्थनेच्या वेळी दार लावून घ्या, असं सल्लागारांचं म्हणणं पडलं.

दार लावणं किती सोपं होतं! कडी सरकवली की देणगी, शाळा, मोठ्या माणसांचा पाठिंबा, सगळं शाबूत राहिलं असतं. देव बंद खोलीतली प्रार्थनाही ऐकतो. पण रमाबाईंनी दार लावलं नाही. मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीत आलेल्या मुलीला हाकलणारही नाही, अशी त्यांची भूमिका होती. आपला विश्वास ही लपवायची गोष्ट आहे, असं त्यांना आपल्या वागण्यातून सांगायचं नव्हतं.

दुसरी बाजूही न्यायाने सांगायला हवी. रानडे-भांडारकर काही बायकांच्या शिक्षणाचे शत्रू नव्हते. त्यांच्या शब्दावर आई-बापांनी मुली पाठवल्या होत्या. आश्रय देणाऱ्या बाईचा लहान मुलीच्या मनावर परिणाम होतो, हे म्हणणंही खोटं नव्हतं. पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाच. म्हणून हा वाद चांगली माणसं आणि वाईट माणसं असा नव्हता, आणि म्हणूनच तो निर्णय जड होता. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी वीसहून जास्त मुली काढून नेल्या.

सदन मात्र बंद पडलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य हिंदुस्थानात गेल्या. उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. ऊसतोडीला दौंडकडे जाणाऱ्या आपल्या बायांना तो भाग ठाऊक असेल. १९०० च्या सुमारास तिथे सुमारे २००० बाया-मुली होत्या. त्या शेती, विणकाम, छपाई शिकत होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी साध्या मराठीत बायबल उतरवलं, आणि त्याचे खिळे मुक्तीतल्या बायांनीच जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. पांढरी सुती साडी आणि मराठी बोली त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

यातून आपण काय घ्यायचं? ख्रिस्ती बाईने तिळगूळ घ्यावा की नाही, याचं एकच उत्तर रमाबाईंकडे मिळणार नाही. प्रसादाचा प्रश्न तर पौलाच्या काळी करिंथच्या मंडळीतही होता. पण पद्धत मिळते. आधी स्वतःशी ठरवावं की कुठली गोष्ट पूजा आहे आणि कुठली नुसती शेजारपणाची रीत. पूजेला नाही म्हणायचं असेल, तर सण यायच्या आधीच शेजारणीला सरळ सांगावं, “ताई, मी ओवाळायला येणार नाही, पण संध्याकाळी तिळगूळ घ्यायला नक्की येईन.” आणि जो शब्द दिला तो पाळावा. गटात बाकीच्या सख्यांनी अशा बाईला गर्विष्ठ म्हणू नये. ज्या बाईचं ‘नाही’ स्पष्ट असतं, तिच्या ‘हो’वर हप्त्याच्या दिवशीसुद्धा भरवसा ठेवता येतो.