मजरा

मराठवाड्यातल्या मुरुडच्या बाजारात आसपासच्या वाडीवस्तीवरून आलेल्या माणसाला गाव विचारले, तर तो बहुधा आधी मूळ गावाचे नाव सांगतो आणि मग आपल्या वाडीचे. या क्रमामागे महसुली दफ्तरातला एक जुना शब्द उभा आहे : मजरा. अरबीत त्याचा अर्थ एवढाच, की पेरणीची जागा. फारसीच्या वाटेने तो दख्खनच्या कागदोपत्री आला, आणि लांबच्या शिवारात राखणीसाठी घातलेले खोपट वाढत जाऊन जिथे दहा घरांची वस्ती झाली, परंतु जिचा सारा मूळ मौजाच्याच हिशेबी जमा होत राहिला, अशा वस्तीला तो चिकटला. संस्कृत वाटिकेपासून आलेल्या ‘वाडी’त कुंपणाचा, म्हणजे आपलेपणाचा, अर्थ आहे, ‘मजऱ्या’त मात्र दफ्तराने परावलंबन भरले, आणि ते मला अन्यायाचे वाटते, कारण मूळ शब्दात केवळ बियाणे आणि भुई होती.

हा शब्दव्यवहार केवळ निजामाच्या मुलुखापुरता नाही. स्पेनच्या दक्षिणेस, सिएरा नेवाडाच्या उतारावर, पिट्रेस, फेरेइरोला आदी सात विखुरलेल्या खेड्यांची मिळून ‘ला ताहा’ नावाची एक नगरपालिका आहे. 1492 साली ग्रानाडाची मुसलमानी सत्ता संपली, तरी तिच्या काळच्या प्रांतविभागाचे हे नाव उरले, आणि त्याचा अरबी अर्थ आज्ञाधीनता असा आहे. आपला ‘तालुका’ही अरबीच, त्याचा धात्वर्थ संबंध, अवलंबन. तिथला ‘अल्काझाबा’ म्हणजे किल्ला आणि आपला ‘कसबा’ हे तर एकाच धातूचे भाऊ.

‘तांडा’ या शब्दाची कथा मात्र निराळी आहे. धान्य आणि मीठ लादलेल्या बैलांचा चालता काफिला, तो तांडा. लमाणांची ही वाहतूक आगगाडीने बुडवली, बैल थांबले, माणसे माळरानावर स्थिरावली, आणि चालण्याचे नाव वस्तीला उरले. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने वाडीलाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याची वाट ठेवली, आणि मराठवाड्यातील कित्येक तांड्यांना पुढे स्वतःची पंचायत मिळाली. ज्या शब्दात एके काळी मुक्कामही तात्पुरता होता, त्याच शब्दाच्या शिक्क्याखाली आता घरपट्टीची पावती फाटते.